३३ मिलिमीटर

१
घेंटमधल्या दुकानात नवी सायक्लोक्रॉस सायकल टांगली आहे. किमतीचं लेबल भिंतीकडे वळवलेलं.

२
हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: थंडीचे दिवस, तीनेक किलोमीटरचा फेरा, गवत, वाळू, चिखल. चालवता येईना झालं की उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं. वरच्या गटातल्या पुरुषांची शर्यत तासाभराची. बेल्जियममध्ये लोक तिकीट काढून, हातात बीअर धरून हे चिखलात उभ्याने पाहतात.

३
पुण्याहून मावशीचा फोन. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे एवढे पैसे मोजून सायकल घ्यायची आणि वर तिलाच उचलून पळायचं?"

४
कॅन्यन कंपनीने २०१७ साली इनफ्लाइट या सायक्लोक्रॉस सायकलीच्या वरच्या नळीला मागच्या टोकाशी बाक दिला. खांदा नीट शिरावा म्हणून.

५
माझी जुनी सायकल कँटिलिव्हर ब्रेकची. ओल्या दिवशी ब्रेक दाबला की पॅड आधी रिमवरचा चिखल पुसतो, मग पाणी पुसतो, मग ब्रेक लागतो. तोवर झाड आलेलं असतं. डिस्क ब्रेकला या खेळात २०१० साली परवानगी मिळाली. नव्या सायकलीसाठी पैसे मोजावेत असं खरं कारण माझ्या मते हे एकच.

६
एरिक डी व्लामिंक, सात वेळा जगज्जेता, १९६६ ते १९७३. त्याच्याही सायकलीला डिस्क नव्हती.

७
टांगलेल्या नव्या सायकलीला पुढची दातेरी चकती एकच. पुढचा डिरेलर गेला, त्याची केबल गेली, डावीकडचा खटका गेला. कमी झालं त्याचेही पैसे लावले आहेत.

८
मोठ्या शर्यतींत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. पंच मापाची पट्टी घेऊन उभे असतात. फ्रेम कार्बनची झाली, गिअर बिनतारी झाले. जमिनीला टेकतं ते तेवढंच.

९
शर्यतीआधी सगळे एकमेकांना एकच विचारतात: हवा किती? दीड बारच्या आसपास. जरा जास्त झाली की वळणावर घसरगुंडी, जरा कमी झाली की मुळावर रिम आपटते. अंगठ्याने दाबून बघायचं. फुकट.

१०
"जगज्जेता व्हान डर पूल हीच चालवत आला आहे," दुकानदार टांगलेल्या सायकलीकडे बघत म्हणाला. व्हान डर पूल माझ्या जुन्या सायकलवर बसला तरी मला गाठून वर फेरी चढवेल.

११
खरा हिशेब चाकांचा. जुन्या चाकांना डिस्क बसवायला जागाच नाही. मागचा हब १३० मिलिमीटरचा, नव्या फ्रेमला लागतो १४२ चा. म्हणजे सुक्या जमिनीची जोडी, चिखलाची जोडी, जपून चिकटवलेले टायर, सगळं बाद. जुनी सायकल पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत सायकल बदलायच्या जागी, राखीव ठेवावी, तर शर्यतीच्या मध्येच ब्रेक बदलणार: एका फेरीत बोट टेकवलं की थांबते, पुढच्या फेरीत मूठ आवळली तरी नाही. लेबलवर यातलं काही नसतं.

१२
२०१६, झोल्डर, जागतिक स्पर्धा. एका तरुण स्पर्धकाच्या सायकलीच्या नळीत लपवलेली मोटर सापडली. सहा वर्षांची बंदी. त्या सुधारणेने वेग नक्की वाढला असता.

१३
स्पेशलाइज्ड कंपनीची क्रक्स ही चिखलाच्या शर्यतींची सायकल होती. २०२१ मध्ये तिची ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या रस्त्यांची, सायकल झाली. ४७ मिलिमीटरचं टायर बसतं. दुकानदाराचा कल तिकडे. "सगळीकडे चालते." सगळीकडे जायचं कोणाला आहे?

१४
गेल्या वर्षीचं मॉडेल आणि यंदाचं, फरक काय?
"रंग."
आणि किमतीत?
"आहे."

१५
हंगाम फेब्रुवारीत संपतो. मग शर्यतवाले सायकली विकायला काढतात. क्लबच्या फळ्यावर: दोन सायकली, एकसारख्या, डिस्क ब्रेक, चाकांच्या तीन जोड्यांसह. दोन हंगाम वापरलेल्या. सुट्या विकणार नाही. नव्या एकीपेक्षा दोन्ही मिळून स्वस्त. उंचीही माझ्या मापाची. फोन केला, रविवारी बघायला बोलावलं आहे, वाळूने हबचे बेअरिंग खाल्ले आहेत का ते आधी पाहणार.