एक ते चार, नो एंट्री!

दुपारचे दोन. कुमठेकर रस्त्यावरून सदाशिव पेठेतल्या एखाद्या बोळात शिरा. शटर खाली, आत पंख्याची घरघर आणि बाहेर पाटी: ‘दुकान १ ते ४ बंद राहील.’

पुणेकरांच्या या झोपेवर मीही भरपूर जोक मारले. माझं गिफ्ट-बॉक्सचं छोटं युनिट मात्र सकाळी नऊ ते रात्री अकरा चालू, रविवारीसुद्धा! जेवण टेबलावरच, फोन कानाला लावून. मग एका दिवाळीत एकच ऑर्डर दोनदा पाठवली. फोन वाजला की पोटात गोळा यायला लागला.

थकवा, कामाचा तिटकारा, हातून काही धड न होणं... २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची हीच लक्षणं सांगितली.

‘गिऱ्हाईक जात नाही का हो?’ रिबनवाल्या काकांना विचारलं. ‘जातं की. पण मीच आडवा झालो, तर दुकान कोण उघडणार गं?’

चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, हे खरं. पण त्यांच्याकडे शिफ्ट लावायला माणसं आहेत. आपल्याकडे दोन्ही शिफ्टला आपणच, बॉस!

आता माझ्याही दारावर पाटी आहे: २ ते ३ बंद. पहिल्याच महिन्यात एक ऑर्डर हातची गेली. चुटपुट लागली. पण परवा तीन वाजता फोन वाजला, आणि मी तो चक्क हसत उचलला.