भूमिका आणि भांडार

साहित्याच्या अभ्यासकाला संगणकावरील खेळ हा आपला विषय वाटत नाही. याला 'खेळ' हा शब्दच कारण असावा. वस्तुतः या खेळांपैकी एक शाखा कथेच्या इतकी जवळ आहे की तिला नाट्याचे दूरचे आप्त म्हणावे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ प्रसिद्ध केला. प्रत्येकाने एक पात्र घ्यावे, त्याच्या स्वभावानुसार निर्णय घ्यावेत आणि त्या निर्णयांतून एक अद्‌भुत कथा घडत जावी, अशी त्याची योजना होती. हीच योजना पुढे संगणकावर आली. १९९९ मधील 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' या खेळाचा नायक अमर आहे, परंतु पूर्वीच्या मरणांबरोबर त्याची स्मृती गेलेली आहे. शवागारात जागा झालेला हा पुरुष आपण कोणाशी कसे वागलो, हे इतरांच्या तोंडून आणि जुन्या खुणांवरून शोधीत जातो. या खेळात लढाईपेक्षा संभाषण आणि वाचन अधिक आहे.

तंजावरच्या परंपरेला असे भूमिकाग्रहण अपरिचित नाही. कुरवंजी या नाट्यप्रकारात भविष्य सांगणारी डोंगरी स्त्री येते, आपण हिंडलेले प्रदेश वर्णिते आणि विरहिणी नायिकेचा हात पाहते. सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांनी 'देवेंद्र कुरवंजी' ही मराठी रचना करताना हा साचा घेतला आणि त्यात पृथ्वीचा भूगोल पदांतून गुंफला. जवळच्या मेलट्टूर गावी भागवत मेळ्यात पुरुषच स्त्रीपात्रे घेतात आणि नरसिंहाचा मुखवटा पूजा केल्यावाचून चढवीत नाहीत. तथापि एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. मेळ्यात प्रल्हादाचे काय होणार, हे आधीच ठरलेले असते. संगणकावरील खेळात निवड खेळणाऱ्याची असते. म्हणून तेथे प्रत्येक निवडीची नोंद ठेवावी लागते. कोणाला वचन दिले, कोणाला फसविले, हे सारे जतन केलेल्या डावात असते. ती नोंद गेली तर घेतलेली भूमिकाही गेली.

अशा नोंदी, छायाचित्रे आणि पुस्तके सांभाळण्यासाठी काही हौशी लोक घराच्या कोपऱ्यात एक लहान संगणक अहोरात्र चालू ठेवतात. यालाच घरचा सर्व्हर म्हणतात. वीज जाऊन आली की पुष्कळदा एक नेहमीचा प्रसंग उद्भवतो. दुसऱ्या खोलीतील संगणकावर डाव उघडू जावे, तर तो सापडत नाही. पहिली शंका हार्ड डिस्कवर येते. ती पुसून सारे नव्याने मांडावे, असा मोह होतो. हा मोह घातक होय. जाणता मनुष्य क्रमाने पाहतो : यंत्राला वीज पोचते का, तार घट्ट आहे का, पत्ता तोच आहे का, परवानगी आहे का; आणि डिस्क सर्वांत शेवटी. बहुधा असे आढळते की वीज परतल्यावर राउटरने सर्व्हरला नवा पत्ता दिला आणि दुसरा संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहिला. डाव जागच्या जागी असतो. बिघाड वाटेत असतो. पत्ता कायमचा नेमून दिला की काम भागते.

हे निदान तंजावरच्या मोठ्या भांडारालाही लागू पडते. १६७६ ते १८५५ या भोसले राजवटीचे मोडी कागद शेकडो रुमालांत टिकून आहेत. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ साली सर्वांना खुले झाले. ताडपत्रांना तेल लावणे, पोथ्यांजवळ वेखंड, लवंग, मिरी, कापूर यांची पुरचुंडी ठेवणे, ही निगा तेथे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. साठ्याकडे दुर्लक्ष झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तुटली आहे ती वाट. तंजावरी मराठी आजही काही घरांत बोलली जाते; पण बोलणाऱ्यांपैकी अनेकांना देवनागरी सहज वाचता येत नाही, मोडी तर दूरच. उलट ज्यांना मराठी लिपी येते, त्यांना त्या कागदांतील तमिळ आणि तेलुगू शब्द अडवितात. तमिळ विद्यापीठाने (स्थापना १९८१) काही मोडी कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले, ही एका बाजूने केलेली दुरुस्ती होय.

'मराठीचा तंजावरातून लोप झाला' हे विधान म्हणूनच घाईचे वाटते. ते डिस्क न तपासताच ती गेली असे ठरविण्यासारखे आहे. मेलट्टूरचे उदाहरण येथे बोलके आहे. तेथील नाटके तेलुगू, प्रेक्षक तमिळ. तरीही दरवर्षी नरसिंहजयंतीच्या सुमारास ती भूमिका पुन्हा कोणीतरी घेतो आणि त्यासाठी संहिता पुन्हा पाठ करावी लागते. 'देवेंद्र कुरवंजी'ला असा नित्याचा खेळणारा नाही. तिची संहिता छापलेली आहे, भूगोलही जागेवर आहे. आता मोडी, मराठी, तमिळ आणि तेलुगू जाणणारे चौघे एका मेजाभोवती बसले, एकाने पद म्हटले, दुसऱ्याने शब्द उलगडला, तर निदान वाट तपासून पाहता येईल. साठा तोवर वेखंडाच्या पुरचुंडीजवळ सुरक्षित आहे.