उसनी आठवण

१९८३च्या जूनमध्ये डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले. वय २२. डी.एड.ला गुण चांगले होते, त्यामुळे मुलांविषयी आपल्याला बरंच कळतं असं वाटायचं. तिसरीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याची पेन्सिल रोज हरवायची, वही घरी राहायची. गणिताची पहिली पायरी बरोबर लिहायचा आणि दुसरीच्या आधीच त्याचं लक्ष उडून जायचं. तोंडी विचारलं तर मात्र उत्तर चटकन यायचं. याला येतंय पण हा करत नाही, असं मी ठरवून टाकलं. कितीतरी वेळा त्याला वर्गाबाहेर उभं केलं. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला, ‘हुशार आहे, पण निष्काळजी.’

त्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. त्याचंही गेलं. पुढच्या जूनमध्ये बाकीची मुलं परतली, तो आला नाही. भट्टीमुळे आला नाही की माझ्यामुळे, ते मला कधीच समजलं नाही. त्याच्या शाळेतल्या शेवटच्या कागदावर माझं अक्षर आहे, एवढं मात्र मला माहीत आहे.

शाळेला लागून कुडाच्या भिंतींची बालवाडी होती. ती चालवणाऱ्या बाईंना सगळा पाडा मावशी म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. त्या स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या. जवळच कोसबाडला अनुताई वाघांच्या हाताखाली त्यांनी बालवाडीचं शिक्षण घेतलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं, गुरं राखत असेल तर कुरणात जावं, ही त्यांची रीत होती. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. मावशी रोज तसं वागत होत्या.

एकदा मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, “बाई, राग मानू नका. मघाशी तुम्ही मुलांना एका दमात किती कामं सांगितलीत, मोजलीत का?” मी आठवून पाहिलं. वह्या काढा, पान ४७ उघडा, समास आखा, तारीख घाला, फळ्यावरचं उतरवून घ्या. पाच. मावशी म्हणाल्या, “माझ्या मुलांच्या डोक्यात दोन मावतात. तुमच्या मुलांच्या तीन मावत असतील. उरलेली दोन सांडतात आणि तुम्ही म्हणता, पोरगं ऐकत नाही.”

मी काही बोलले नाही. मला तो मुलगा आठवला.

त्यानंतर शाळा सुटली की मी बालवाडीत जाऊन बसू लागले. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर मावशींनी तांदळाच्या पिठानं तीन चित्रं काढली होती: तांब्या, दोन हात, ताट. जेवणाच्या वेळी मुलं रांगेनं भिंतीशी यायची, एकेका चित्रावर बोट ठेवायची आणि मोठ्यानं म्हणायची, “पाणी, हात, ताट.” मग त्याच क्रमानं करायची. कुणी चुकलं तर मावशी ओरडायच्या नाहीत. त्याचं बोट धरून पुन्हा तांब्यावर ठेवायच्या. मी विचारलं, “चित्रं कशाला? रोजचंच तर आहे.” त्या म्हणाल्या, “त्यांची आठवण अजून लहान आहे. तोवर माझी उसनी देते. ती भिंतीवर ठेवलीय.”

तळ्यात-मळ्यात तर माझ्या लहानपणापासूनचा खेळ. मावशी तो आधी सरळ घ्यायच्या. मुलं रमली की म्हणायच्या, “आता उलटं. मी तळ्यात म्हटलं की मळ्यात उडी.” पायाला लागलेली सवय आवरायची, नवा नियम धरून ठेवायचा, घाई करायची नाही. पहिल्या दिवशी सगळीच चुकायची आणि हसायची. महिन्याभरानं उडी मारण्याआधी ती क्षणभर थांबू लागली. तो क्षण मावशींनी मला बोटानं दाखवला. “हा बघा बाई. हा थांबा आला की पुढचं सगळं येतं.”

मी लगेच वर्गात तसं करायला गेले आणि चुकले. मोठ्या पुठ्ठ्यावर पाच चित्रं काढून लावली. मुलं विसरली की पुठ्ठ्याकडे बोट करून म्हणायचे, “समोर लिहिलंय तरी दिसत नाही?” वर्षभर तो पुठ्ठा तसाच होता. मावशींनी तो पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, “बाई, हा तुम्ही शेऱ्यासारखा लावलाय.” मग मला बालवाडीत नेलं. भिंतीवरचा तांब्या पुसलेला होता. मुलं रिकाम्या जागेवर बोट ठेवून आपल्याशीच पुटपुटत होती, “पाणी.” पुढच्या महिन्यात हात पुसले गेले, त्यानंतर ताट. आधार द्यायचा तो काढून घेण्यासाठी, आणि काढायचा तो एकेक करून, हे मी त्या भिंतीसमोर शिकले.

फार पुढे प्रशिक्षणांतून आणि पुस्तकांतून या सगळ्याला नावं मिळाली. कार्यकारी कौशल्ये म्हणतात ती हीच: सांगितलेलं मनात धरून ठेवणं, स्वतःला आवरणं, नियम बदलला की आपणही बदलणं. नियोजन, वेळेचं भान, हातातलं काम तडीला नेणं हे या तिन्हींवर उभं राहतं. मनात धरून काम करण्याची जागा किती तोकडी असते, याची मांडणी ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ साली केली. मूल स्वतःशी मोठ्यानं बोलतं आणि पुढे तेच बोलणं आत जाऊन विचार होतं, हे रशियातल्या लेव्ह व्हिगॉट्स्कींनी लिहून ठेवलं होतं. ते १९३४ साली गेले. ते वाचताना मला रिकाम्या भिंतीवरची बोटं दिसत होती. कपाळामागचा मेंदूचा जो भाग हे काम करतो, तो पिकायला पंचविशीपर्यंतचा काळ लागतो. ८ वर्षांच्या मुलाकडून मी ते सहामाहीच्या आत मागितलं होतं.

आणखी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. उपाशी पोट, अपुरी झोप, काळजी, एकटेपणा यांनी हीच कौशल्यं सगळ्यात आधी ढासळतात. त्या मुलाच्या घरी दोन धाकटी भावंडं होती. ती त्याच्याच अंगावर असायची. तो रात्री किती झोपतो, सकाळी काय खाऊन येतो, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. वहीबद्दल मात्र रोज विचारत होते.

मावशींनी मला कधी शिकवलं असं त्यांना वाटलंही नसेल. त्यांनी फक्त जिथे मी चुकत होते तिथे माझं बोट धरून पुन्हा पहिल्या चित्रावर ठेवलं. त्यानंतर माझ्या हातून ज्या मुलांचं बरं झालं, त्यांचं श्रेय त्यांच्याकडे जातं. ज्याचं बिघडलं, ते माझ्याकडे राहतं.

२०१०पासून आमच्याकडे शेऱ्याच्या जागी वर्णनात्मक नोंदी आल्या. २०१९च्या १ मे रोजी मी नोकरीतला शेवटचा निकाल वाटला. त्या वर्षीही तिसरीत एक मुलगा होता. त्याचीही पेन्सिल रोज हरवायची. जूनमध्ये त्याच्या बाकावर मी चार छोटी चित्रं चिकटवली होती. दिवाळीला दोन काढली, संक्रांतीनंतर आणखी एक. त्याच्या नोंदीत लिहिलं, ‘दोन सूचना न विसरता पाळतो. तिसरीसाठी अजून एक चित्र लागतं. ते पुढच्या बाईंनी लगेच काढू नये. उडी मारण्याआधी आता थांबतो.’

मावशी तोवर गेल्या होत्या, नाहीतर त्यांना वाचून दाखवलं असतं. नोंदीचा रकाना भरून गेला होता. सही मी समासात केली.