दिव्याची विद्या
बारवी धरणाचे पाणी शहरांकडे लोटणाऱ्या जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात अहोरात्र खर्ची पडणाऱ्या विजेचा विचार करताना, रात्री पुस्तक उघडण्यापुरताही उजेड ज्यांच्या घरी नाही, त्या मुलांच्या स्मरणाने आज चित्त व्यथित झाले. या अंधारावरची एक वाट मात्र आठवली: २ ऑक्टोबर २०१९ रोजी, गांधीजींच्या सार्धशताब्दीनिमित्त, मुंबईच्या आयआयटीने प्रा. चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने देशोदेशींच्या विद्यार्थ्यांकडून सौरदिवे जोडून घेतले. तारेला कथलाचा डाख देऊन, आपल्याच हातचा दिवा लागलेला पाहणाऱ्या त्या विद्यार्थ्यांना जे ज्ञान लाभले, ते मला मोलाचे वाटते, कारण दिवा बिघडला तरी दुरुस्त करणारा हात गावातच असतो. आमच्या तालुक्यातील प्रत्येक शाळेने ही विद्या शिकवावी, असा माझा कळकळीचा अर्ज आहे.