बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर

डिसेंबरच्या सुटीत मुलांना कुठं न्यायचं, हा प्रश्न दर वर्षी पडतो ना? मैत्रिणींनो, वर्ध्याकडे येणार असाल तर २५ तारखेलाच सेवाग्रामला या. वर्धा शहरापासून जेमतेम आठ किलोमीटर. "नाताळ आणि गांधींचा आश्रम? हे कुठलं जुळवलंत?" असं म्हणाल. ऐका तर!

१९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार इथं आठवडाभर राहिले. विदर्भाचा तो उन्हाळा, त्यात बिचारे परदेशी! टबात पाणी भरून, त्यात बसून ते टंकलेखन करीत. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांना एकच चित्र दिसलं, तेही येशू ख्रिस्ताचं. हाच आमची शांती आहे, अशा अर्थाचे शब्द त्याखाली होते. फिशरना नवल वाटलं. तेव्हा गांधीजी म्हणाले की, मी ख्रिस्ती आहे, तसाच हिंदू, मुसलमान आणि ज्यूही आहे. ते शब्द बायबलातल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातले. तिथंच पुढं, दोन समाजांमधली आडभिंत ख्रिस्तानं पाडली, असं सांगितलं आहे. दिवस महायुद्धाचे, ब्रह्मदेश नुकताच जपान्यांच्या हाती गेलेला. अशा वेळी ते चित्र समोर ठेवायला केवढी आशा लागत असेल!

१९३१ चा नाताळ गांधीजींनी बोटीवर काढला. गोलमेज परिषदेहून ते रिकाम्या हातानं परतत होते. त्या दिवशी ते ख्रिस्तावर बोलले. जगात खरी शांती नसताना नुसत्या उत्सवात त्यांचं मन रमत नव्हतं. मला हे पटतं. पण मुलांच्या तोंडचा केक काढून घ्यावा, इतकंही नाही हं!

या आश्रमाच्या परिवारात ख्रिस्ती माणसं किती! राजकुमारी अमृत कौर, नई तालीमचे आर्यनायकम्, आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचा संसार मांडणारे जे. सी. कुमारप्पा. हिशेबनीस म्हणून विलायतेत शिकलेला हा माणूस इथं घाणी, गूळ, हातकागद यांत रमला. तुरुंगात असताना येशूच्या शिकवणीवर त्यांनी पुस्तक लिहिलं.

मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती परचुरेशास्त्र्यांची कुटी. शास्त्रीबुवा संस्कृतचे पंडित, पण कुष्ठरोग झालेला. त्या काळी असा माणूस दारात आला तर घरची माणसंही मागं सरत. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. मागं मुलींना घेऊन गेले होते, तेव्हा सातवीतली एक म्हणाली, "बाई, येशूची पण अशीच गोष्ट आहे ना?" कुष्ठरोग्याला हात लावणाऱ्या येशूची गोष्ट तिला शेजारच्या आजींनी सांगितली होती. मला वेगळं काही शिकवावंच लागलं नाही.

आमच्या गल्लीत दिवाळीला गेलेला डबा नाताळात करंज्या भरूनच परत येतो. सारण त्यांचं अधिक खमंग, हे कबूल!

तर या. बापूकुटीत चपला काढून शिरा, गर्दी नसेल तर घटकाभर टेका. संध्याकाळच्या सर्वधर्म प्रार्थनेला थांबाच. ती उघड्यावर असते आणि आमच्याकडची डिसेंबरची थंडी चांगलीच बोचते. मुलांचे स्वेटर आणि खाली बसायला एखादी सतरंजी बरोबर असू द्या.