भेंड्यांतील भाषाविज्ञान

‘भाषाविज्ञान’ हा शब्द पाहताच आपल्यापैकी काहींच्या पोटात गोळा येत असेल. त्यावर माझा उपाय साधा आहे: सहकुटुंब सहलीला जावे.

वाई सोडून गाडी पसरणीच्या घाटाला लागली, की आमच्याकडे गाण्यांच्या भेंड्या सुरू होतात. १९९३ मध्ये ‘झी टीव्ही’ने ‘अंताक्षरी’ पडद्यावर आणली, तरी घरोघरी हा खेळ त्यापूर्वीच रुजलेला होता. आमची पिढी भावगीते आठवते. मुले ‘सैराट’मधील ‘झिंगाट’ने गाडी डोक्यावर घेतात. मात्र एखादे गाणे ‘आभाळ’ या शब्दाशी थांबले, की दोन्ही पिढ्या निमूटपणे ‘ल’चे गाणे शोधू लागतात. ‘ण’ आला, तर ‘न’चे!

हे त्यांना कोणी शिकवले? मराठीत ‘पाणी’, ‘बाळ’ असे शब्द विपुल आहेत. पण ‘ण’ किंवा ‘ळ’ने आरंभ होणारा रूढ शब्द सापडत नाही. भाषाविज्ञानात याला स्वनिमांचे वितरण म्हणतात. पर्यायाची निवडही मोठी मार्मिक आहे: ‘ण’ आणि ‘न’ दोन्ही अनुनासिक, तर ‘ळ’ आणि ‘ल’ दोन्ही पार्श्विक. अडलेल्या वर्णाच्या जागी खेळणारे त्याचा सख्खा भाऊच बोलावतात.

नोकरी, संसार सांभाळून अनेक वर्षांनी आपण पुस्तक उघडत आहात. आपली पाटी कोरी आहे, असे कृपया समजू नका. हे नियम आपण लहानपणापासून बिनचूक पाळत आला आहात. आता त्यांची केवळ नावे शिकायची आहेत.