कुया म्हणजे दादा

२०१८ च्या डिसेंबरातली गोष्ट. दादाची प्रवासी बोट एका दिवसासाठी मुरगाव बंदरात लागली होती. येताना तो एका फिलिपिनो सहकाऱ्याला घरी जेवायला घेऊन आला. आई दारातच उभी होती. पाहुणा वाकला, त्याने आईचा हात धरला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. आई दचकलीच! हा आता हाताचा मुका वगैरे घेतो की काय, असं तिला वाटलं असावं. दादा हसत म्हणाला, "आई, तो तुज्या पांयां पडटा." तेव्हा कुठे तिने दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

या नमस्काराला ते लोक 'मानो' म्हणतात. मूळ शब्द स्पॅनिश, अर्थ हात. आपल्याकडे १५१० ते १९६१ पोर्तुगीज होते, त्यांच्याकडे १५६५ ते १८९८ स्पॅनिश. त्यामुळे ओळखीचं बरंच निघालं. आमच्या वाड्यावरचे ख्रिस्ती शेजारी मुलाच्या बाप्तिस्म्याच्या पाद्रिनाला 'कुंपार' म्हणतात, तर तिथे तोच शब्द 'कुंपारे' होतो. घासून घासून त्याचं नुसतं 'पारे' झालंय आणि आता कुठलाही दोस्त 'पारे' असतो.

पाहुणा दादाला 'कुया' म्हणत होता. कुया म्हणजे मोठा भाऊ आणि आते म्हणजे मोठी बहीण. (आपली आते वेगळी!) रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. रिक्षावाला, दुकानदार, वरच्या वर्गातला मुलगा, सगळे कुया. वडीलधाऱ्यांशी, शिक्षकांशी बोलताना मात्र वाक्यागणिक 'पो' लावायचा, आपल्या 'जी'सारखा. तिथे शिक्षकांना दुसरे आईबाप मानतात. वर्ष सुरू होण्याआधी पालक आणि गावकरी मिळून सरकारी शाळा झाडतात, रंगवतात, बाकं दुरुस्त करतात. २००३ पासून सरकारनेच त्याला 'ब्रिगादा एस्कवेला' असं नाव दिलंय. मुळात ही 'बायानिहान'ची जुनी रीत. पूर्वी एखाद्याला घर हलवायचं असलं की गावातले पुरुष बांबूचं अख्खं घरच खांद्यावर उचलून नेत. घरधन्याने नंतर सगळ्यांना जेवू घालायचं, मजुरीची गोष्ट काढायची नाही.

जेवताना कळलं की या माणसाच्या पगारावर त्याची दोन भावंडं शिकली आणि धाकटी बहीण शिक्षिका झाली. मी सहज विचारलं, "मग त्यांनी पैसे परत केले का?" तो गोंधळून दादाकडे बघायला लागला. मग त्याने समजावलं. उसने घेतलेले पैसे म्हणजे 'उतांग'. ते फेडता येतात. पण आणखी एक ऋण असतं, 'उतांग ना लोओब', म्हणजे आतलं ऋण. ते फिटत नाही आणि फेडून मोकळं व्हायचंही नसतं. एखाद्याला ते नाही असं म्हणणं, ही तिथे मोठी शिवी.

त्याने दुसरी बाजूही लपवली नाही. या ऋणापायी थोरल्याचं लग्न लांबतं, परदेशात राबणाऱ्यांची मुलं आजीपाशी वाढतात आणि निवडणुकीत पुढारी याच उपकाराची आठवण करून देतात. ऐकायला छान वाटतं, वाहायला जड असतं, असं तोच म्हणाला.

मी ऐकलं आणि विसरलो. तीन वर्षांनी घराच्या हिश्श्यांची बोलणी सुरू झाली. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. दादाने कॉलेज सोडलं आणि १९९५ मध्ये बोट धरली. माझं बी. ए. त्याच्या पैशांवर झालं, ताईचं लग्नही. बोलता बोलता त्याने एवढंच म्हटलं, "तुला शिकवलं ते विसरलास?" सरकारी कारकून मी, हिशेबाची सवय. म्हणालो, "आकडा सांग, व्याजासकट देतो."

त्याने आकडा सांगितला नाही. उठून गेला. त्यानंतर आमचं बोलणं आईच्या औषधांपुरतं उरलं.

खूप दिवसांनी ऑफिसात एक जुनी फाईल बंद करताना, 'निकाली' असा शेरा मारता मारता, तो पाहुणा आठवला. दादाने माझ्याकडे पैसे मागितलेच नव्हते. मी मात्र त्याची आठ-दहा वर्षं आकड्यात बसवून फाईल बंद करायला निघालो होतो.

पुढच्या चवथीला दादा बोटीवरून सुट्टी घेऊन आला. माटोळी बांधायला आम्ही दोघेच होतो. मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, "पुरे रे, आधी दोरी धर." हिश्श्यांचं भिजत घोंगडं अजून तसंच आहे. पण व्याजाची गोष्ट मी पुन्हा काढलेली नाही.